कापड पारखणाऱ्यांनी कॉलेजही पारखावे

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर अशा आपल्या कापडगावांत घरोघर एकच प्रश्न निघतो. पोराला इंजिनियर करायचे आहे, कॉलेज कोणते घ्यावे? एक काळ असा होता की हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांत ऐकूच येत नसे. मुलगा दहावीला बसला न बसला तोच मागावर किंवा दुकानाच्या गादीवर येई. आज माग चालवणाऱ्या कारागिराचा मुलगाच नव्हे, तर मुलगीही इंजिनियरिंगचा अर्ज भरते. ही समाधानाची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी अल्लाहचे आभार मानावेत तितके थोडेच.

परंतु हा प्रश्न ज्या रीतीने सोडवला जातो ती रीत पाहून काळजी वाटते. ग्रे कापडाचा एक तागा घेताना आपण पन्हा मोजतो, पिक मोजतो, कापड उजेडाकडे धरून तुटका धागा शोधतो, आणि एवढे करूनही भावावर अर्धा तास घासाघीस करतो. मात्र ज्यात मुलाची चार वर्षे आणि घरातले आठ-दहा लाख रुपये घालायचे, ते कॉलेज आपण चौकातल्या फलकावरून किंवा एखाद्या दलालाच्या शब्दावरून पसंत करतो. हा सौदा धंद्यातल्या माणसाला शोभत नाही.

टंचाईचा काळ संपला

याचे मूळ जुन्या दिवसांत आहे. पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज १८५४ चे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे. त्यानंतर सांगली, कराड, नागपूर, औरंगाबाद अशी मोजकी कॉलेजे झाली. जागा थोड्या आणि अर्जदार पुष्कळ, म्हणून ज्याला जागा मिळे त्याने ती डोळे मिटून घ्यावी अशीच स्थिती होती. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली आणि राज्यात कॉलेजे वाढू लागली. त्याबरोबर देणगीचा व्यवहारही फोफावला. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फी घेण्यावर कायद्याने बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ सालच्या पी. ए. इनामदार खटल्यात कॉलेज चालवण्याचे स्वातंत्र्य मान्य केले, मात्र कॅपिटेशन फी आणि नफेखोरी चालणार नाही असे बजावले. पुढे २०१५ च्या कायद्याने प्रवेश आणि फी या दोन्हींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे आली.

आजची स्थिती अगदी उलट आहे. राज्यात दरवर्षी प्रवेश फेऱ्या संपल्यावरही इंजिनियरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहतात. नामवंत कॉलेजांत चढाओढ आहे, ती राहणारच. पण मधल्या आणि खालच्या फळीतली कितीतरी कॉलेजे गिऱ्हाईक शोधत फिरतात. ज्या मालाच्या गाठी गोदामात पडून आहेत त्या मालासाठी वरचे पैसे कोण देतो? बाजार खरेदीदाराच्या हातात असताना खरेदीदारच रेशनच्या रांगेतल्यासारखा हात जोडून उभा राहिला, तर विकणारा त्याला का सोडेल?

आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत की जेथे चालते माग भंगाराच्या भावाने विकून 'कॉम्प्युटरची सीट' घेतली गेली. पैसे रोख दिले, पावती मिळाली ती फक्त फीची. ज्या कॉलेजात दिले, तेथे त्याच शाखेत सरकारी फेरीतून आलेला मुलगा शेजारच्या बाकावर बसला होता. त्याच्या बापाने वर एक पैसाही दिला नव्हता. यात नुकसान पैशाचे झालेच, पण घरातले रोजगाराचे साधनही गेले.

पासवर्ड दलालाच्या हाती देऊ नका

इंजिनियरिंगचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत केंद्रीय फेऱ्यांतून होतात. तिला कॅप म्हणतात. नोंदणी करायची, कागद तपासून घ्यायचे, गुणवत्ता यादीतला क्रमांक पाहायचा आणि मग कॉलेज व शाखांचे पर्याय पसंतीच्या क्रमाने भरायचे. हा पर्याय अर्ज म्हणजेच खरा सौदा. आपल्याकडे तो बहुधा सायबर कॅफेवाला भरतो किंवा कॉलेजचा हस्तक भरतो. मुलाचा लॉगिन आणि पासवर्ड त्याच्याकडे असतो. तो आपल्याच कॉलेजचे चार पर्याय वर टाकतो आणि बापाला सांगतो, 'चाचा, तुमच्या मुलाचा नंबर इथेच लागला.' नंबर लागला हे खरे, पण तो कोणी लावला हे कोणी विचारत नाही. कोऱ्या चेकवर सही करून तो अनोळखी माणसाच्या हाती देण्याइतकेच हे धोक्याचे आहे.

पर्याय भरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. क्रम आपल्या पसंतीचा असावा, मिळेल की नाही या भीतीचा नसावा. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क जात नाही. मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो पक्का धरला जातो, म्हणून तेथे मनापासून हवे असेल तेच कॉलेज लिहावे. मागील वर्षी कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कोणत्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला याची यादी सीईटी कक्ष जाहीर करतो. ती बाजारभावाची यादी समजावी आणि समोर ठेवूनच अर्ज भरावा. फेऱ्यांच्या नियमांत बदल होत असतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी.

छाप पाहून तागा घेऊ नये

कॉलेजच्या जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' हा शब्द ठळक असतो. मान्यता कोणाची आणि कशाची हे कळले पाहिजे. एआयसीटीईची मंजुरी आणि विद्यापीठाची संलग्नता ही किमान अट झाली, ती गुणवत्तेची खूण नव्हे. त्याखेरीज दोन मूल्यांकने आहेत. नॅक संपूर्ण संस्थेला श्रेणी देते. एनबीए मात्र शाखेला मान्यता देते. म्हणजे एखाद्या कॉलेजच्या मेकॅनिकलला एनबीए असेल आणि कॉम्प्युटरला नसेल, तरी फलकावर 'एनबीए मान्यताप्राप्त' असे मोघम लिहिलेले आढळते. आपल्याला जी शाखा घ्यायची तिला मान्यता आहे काय आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, एवढाच प्रश्न विचारावा. 'स्वायत्त' या शब्दाचा अर्थही समजून घ्यावा. अशी कॉलेजे आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. चांगल्या कॉलेजात त्याचा लाभ होतो. जेथे शिकवणे कच्चे आहे, तेथे स्वतःच काढलेल्या पेपरातला शंभर टक्के निकाल फारसा बोलका नसतो.

यानंतर शिक्षक. एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. २०२४-२५ पासून चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांना एका शाखेतील जागांची वरची मर्यादा उरलेली नाही, त्यामुळे कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढल्या. तुकड्या वाढल्या त्या प्रमाणात शिक्षक वाढले काय? प्रत्येक कॉलेजने आपल्या संकेतस्थळावर शिक्षकांची यादी, फी, जागा ही माहिती देणे सक्तीचे आहे. ती यादी छापून घ्यावी आणि कॉलेजात जाऊन त्यातील चार नावे विचारावीत. मास्तर भेटले तर ठीक. 'ते आता येत नाहीत' असे शिपायाने सांगितले, तर समजायचे ते समजावे.

नोकऱ्यांच्या दाव्याचेही तसेच. एका विद्यार्थ्याला मिळालेला मोठा पगार फलकावर लावला जातो. एका उत्तम ताग्याचा भाव म्हणजे सगळ्या गाठीचा भाव नव्हे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. शेवटच्या वर्षात मुले किती होती, त्यांतल्या कितीजणांना नोकरी लागली, आणि पगारांची रांग लावली तर मधल्या मुलाचा पगार किती, हे तीन आकडे मागावेत. आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाला न्यावे. प्रयोगशाळेतली यंत्रे चालतात की नुसती झाकून ठेवली आहेत, तास होतात की नाहीत, हे ती मुले दहा मिनिटांत सांगतात. मालातला दोष लपवून विकू नये ही आपल्या धर्माने व्यापाराला घालून दिलेली शिस्त आहे. समोरचा ती पाळत नसेल, तर दोष शोधणे हे आपले काम ठरते.

हिशेब पूर्ण चार वर्षांचा

आपण फी विचारतो ती पहिल्या वर्षाची. धंद्यात कोणी नुसत्या सुताच्या भावावर कापडाचा भाव काढत नाही. उदाहरण म्हणून समजा, फी वर्षाला १,३०,००० रुपये. चार वर्षांचे झाले ५,२०,०००. वसतिगृह व जेवण महिना ९,००० धरले, तर वर्षातल्या दहा महिन्यांप्रमाणे चार वर्षांचे ३,६०,०००. पुस्तके, परीक्षा, जाणे-येणे वर्षाला २०,००० म्हणजे ८०,०००. एक लॅपटॉप ५०,०००. बेरीज १०,१०,००० रुपये. आता ज्या घरातून मुलगा रोज जाऊन-येऊन शिकू शकेल तेथे मधले साडेतीन लाख वाचतात. केवळ शहराच्या नावासाठी ते घालवायचे की नाही, हे आकडे समोर ठेवून ठरवावे. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती पाहता येते. तिच्यापेक्षा जास्त मागणी झाली, तर पक्की पावती मागावी. पावतीचे नाव काढताच मागणी थंडावते.

सवलतींच्या बाबतीत आपली माणसे फार मागे आहेत. प्रत्येक शाखेत शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्के जादा जागा असतात. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर त्या मागता येतात, परंतु पर्याय अर्जात त्यांचा वेगळा सांकेतिक क्रमांक भरावा लागतो. तो न भरल्यामुळे हक्काची जागा हुकते. २०२४ साली राज्याने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. मुलांसाठीही निम्म्या शिक्षण शुल्काच्या योजना आहेत. या सवलती केंद्रीय फेरीतून आलेल्यांना आहेत. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की त्या गेल्या. म्हणजे दलालामार्फत जाणारा दोनदा बुडतो. वरचे पैसे देतो आणि सवलतही घालवतो.

जुलाहा-मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, मन्यार, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग धावाधाव सुरू होते. जातपडताळणीला महिने लागतात, म्हणून हे काम अकरावीतच हाती घ्यावे. नावाचेही तसेच. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहम्मदचे संक्षिप्त रूप, आधारवर शेख आणि गुणपत्रिकेवर शैख, अशा घोळात कितीतरी अर्ज अडकतात. ज्यांची बिरादरी ओबीसीत नाही त्यांना उत्पन्नाच्या व मालमत्तेच्या अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. मुसलमानाला तो मिळत नाही, हा गैरसमज आहे.

आपल्या संस्थांचा विचार कसा करावा

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत ५१ टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्थापलेल्या अंजुमन-ए-इस्लामचे भायखळ्याचे साबू सिद्दीक आणि पनवेलचे काळसेकर, वांद्र्याचे रिझवी, नागपूरचे अंजुमन कॉलेज, मालेगावच्या मन्सूऱ्याचे मौलाना मुख्तार अहमद नदवी यांच्या नावाचे संकुल, अशी नावे वाचकांना ठाऊक आहेत. या जागा आपल्या हक्काच्या आहेत आणि त्या मागताना संकोच करण्याचे कारण नाही. बारावीपर्यंत उर्दू माध्यमातून शिकून आलेल्या मुलाला आपल्या माणसांत पहिले वर्ष सोपे जाते, हेही खरे.

पण 'आपले आहे' एवढ्यावर निवड थांबू नये. वर सांगितलेले सगळे प्रश्न आपल्या संस्थांनाही विचारावेत, किंबहुना अधिक नेटाने विचारावेत, कारण त्या आपल्या जकात-सदक्यावर आणि देणग्यांवर उभ्या राहिल्या आहेत. आणि ज्या मुलाला सरकारी किंवा नामवंत कॉलेजात जागा मिळू शकते, त्याला केवळ ओळखीच्या भिंतींसाठी मागे ओढू नये. नमाजाला जागा कुठेही शोधता येते, चांगला शिक्षक शोधून सापडत नाही.

भाषेचा मुद्दा टाळून चालणार नाही. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून उर्दूतूनही देता येते. पण बहुतेक कॉलेजांत शिकवणे आणि पेपर इंग्रजीत असतात. हुशार मुलगा पहिल्या वर्षी गणितात नव्हे, प्रश्नाच्या इंग्रजीत अडतो, एटीकेटी लागते आणि मन खचते. म्हणून अशा मुलासाठी कॉलेज पाहताना पहिल्या वर्षाला जादा तास घेतात काय, हा प्रश्न प्लेसमेंटच्याही आधी विचारावा.

शाखा आणि आपला धंदा

सगळे कॉम्प्युटरकडे धावत आहेत. ज्याला गणिताची गोडी आहे, त्याने अवश्य जावे. परंतु सामान्य कॉलेजातल्या कॉम्प्युटरसाठी लाखो मोजणाऱ्यांना आम्ही विचारतो, टेक्स्टाइल इंजिनियरिंगचे नाव तुमच्या यादीत का नाही? इचलकरंजीची डीकेटीई संस्था १९८२ साली कापडगावाच्या गरजेतूनच निघाली. व्हीजेटीआय आणि नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्थेतही ही शाखा आहे. १९३३ साली सुरू झालेल्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तंतू आणि कापड प्रक्रियेचा अभ्यास होतो. नामवंत संस्थेची पाटी हवी असेल, तर अशा शाखेतून ती मिळण्याची आशा कॉम्प्युटरपेक्षा जास्त असते.

पिढ्यान्‌पिढ्या आपण विणत आलो. मात्र रेपिअर आणि एअरजेट माग आले तेव्हा ते बसवणारा, बिघडल्यावर दुरुस्त करणारा आणि कापडाचा दर्जा ठरवणारा माणूस बाहेरून आणावा लागला. केंद्राने २०२० साली तांत्रिक वस्त्रांसाठी राष्ट्रीय मिशन मंजूर केले. दवाखान्याचे, रस्त्याचे, शेतीचे, गाड्यांचे कापड ही उद्याची बाजारपेठ आहे. जो मुलगा मागाच्या आवाजात वाढला त्याच्याइतका या धंद्याचा जाणकार दुसरा कोण? बापाने मोडीत काढलेल्या कारखान्याला मुलगा नवे रूप देऊ शकेल, ही आशा बाळगण्यासारखी आहे.

ज्यांना बारावी विज्ञान झेपत नाही किंवा खर्च झेपत नाही, त्यांनी दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घ्यावी. तिच्यातून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि नाहीच मिळाला तरी हातात काम असते. कारागिराच्या घरासाठी ही वाट कमीपणाची मानू नये.

मुलीचा हिशेब वेगळा का?

एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. मुलीला भावापेक्षा जास्त पर्सेंटाइल असतात, तरी तिला घराजवळचे कसेबसे कॉलेज आणि त्याला दूरच्या शहरात देणगी भरून जागा, असे आपल्या घरांत घडते. तिची फी माफ होऊ शकते, त्याची देणगी मात्र घर विकून द्यावी लागते. मुलीच्या सुरक्षिततेची काळजी योग्यच आहे. ती काळजी वसतिगृह स्वतः पाहून, तेथील मुलींच्या पालकांशी बोलून दूर करता येते. न पाहताच 'नाही' म्हणणे, हे तागा न उघडताच परत करण्यासारखे आहे.

सुदाचा प्रश्नही अनेकांना अडवतो आणि त्यामुळे बँकेच्या कर्जाकडे आपली माणसे जात नाहीत. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. म्हणूनच तर फुकट जाणारा पैसा आधी वाचवला पाहिजे. देणगीचे पाच लाख जर वाचले, तर कर्जाची गरजच पडणार नाही अशी घरे पुष्कळ आहेत.

शेवटी एक सूचना. प्रत्येक मोहल्ल्यात आज दोन-चार तरी इंजिनियर आहेत. जून-जुलैच्या महिन्यात त्यांनी रोज संध्याकाळी दोन तास मशिदीच्या आवारात किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत बसावे, मुलांचे अर्ज त्यांच्याच हाताने भरून घ्यावेत, मागच्या वर्षीच्या याद्या उघडून दाखवाव्यात. व्यापारी मंडळींनी एक संगणक, एक छपाईचे यंत्र आणि चहाचा खर्च उचलावा. याला मोठी संस्था लागत नाही, इमारत लागत नाही. एवढे झाले तरी दलालांची निम्मी दुकाने बंद होतील, आणि पुढच्या हंगामात कोणाच्या घरातला माग फक्त एका जागेसाठी भंगारात जाणार नाही, इन्शाअल्लाह.